करडाला पाला चारणं हाही व्यायामच

(पत्राचा गोषवारा: पत्र केज तालुक्यातल्या एका वडिलांचं आहे. ते चाकणला कंपनीत नोकरी करतात, पंधरा दिवसांनी गावी येतात. मुलगी ३ वर्षं ४ महिन्यांची. बत्तिसाव्या आठवड्यातच जन्मली, तीन आठवडे काचेच्या पेटीत होती. दीड वर्षाची असताना डॉक्टरांनी सेरेब्रल पाल्सी असल्याचं सांगितलं. दोन्ही पाय ताठ, हात बरेच चांगले. बोलते, गाणी पाठ आहेत, दोन वर्षांची व्हायच्या आत आधाराशिवाय बसायला लागली. अंबाजोगाईच्या थेरपिस्टनी शिकवलेले व्यायाम आई घरी करून घेते. वडिलांनी वही घालून दिली आहे: सकाळी दीड तास, संध्याकाळी दीड तास, रोज व्हिडिओ पाठवायचा. वर्ष झालं तरी मुलगी उभी राहत नाही. सतरंजी अंथरली की रडायला लागते. व्हिडिओ कधी येतो, कधी येत नाही. "बायकोला गांभीर्य नाही" असं त्यांना वाटतं. त्यांची आई म्हणते, पोरीच्या जातीला किती खर्च करणार. एका ओळखीच्यानं स्टेम सेलचं (मूळ पेशींचं) इंजेक्शन सुचवलंय, त्यासाठी एक एकर विकायचा विचार आहे. नाहीतर दोघींना पुण्याला न्यायचं. ते विचारतात: "घरच्या थेरपीचा उपयोग होतोय का? तास वाढवू का? आणि दुसरं मूल झालं तर त्यालाही हे होईल का?" ताजा कलम: "घरी शेळीचं करडू आहे, त्याच्यामागं मात्र दिवसभर सरपटते. बाजेला धरून गुडघ्यांवर उभी राहून त्याला पाला चारते. व्यायाम म्हटलं की अंग टाकून देते.")

भाऊ,

चार पानांच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही ताजा कलम म्हणून लिहिलीत, तीही तक्रारीच्या सुरात. मला त्या करडापासूनच सुरुवात करायची आहे.

बाजेला धरून गुडघ्यांवर उभं राहायला तिला काय काय करावं लागतं, ते पुढच्या खेपेला शेजारी बसून बघा. सरपटत बाजेपर्यंत जायचं. दोन्ही हातांनी कड धरून अंग वर ओढायचं. मग कंबर पुढं आणायची, नाहीतर बूड टाचांवर टेकतं. पाय ताठ असलेल्या लेकराला हेच फार जड जातं. त्यानंतर एक हात सोडायचा, त्यात पाला धरायचा आणि करडू तोंड नेईल तिकडं न्यायचा. करडू हिसका देतं, अंग कलतं, ते सावरायचं. पाला संपला की खाली बसून दुसरी डहाळी घ्यायची आणि पुन्हा वर. धडाचा तोल, खुब्याची ताकद, एका बाजूवर भार घेणं, असं थेरपिस्ट ज्याला म्हणतात ते सगळं यात आलं. शिवाय हे ती कुणी न सांगता, न रडता करते. तुमच्या वहीत याला रकाना नाही, म्हणून ते तुम्हाला प्रगतीत धरावंसं वाटलं नाही.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर: उपयोग होतोय. दुसऱ्याचं: तास वाढवू नका, कमी करा.

कमी का, ते सांगते. या आजारात इजा मेंदूला झालेली असते. जन्माआधी, जन्मताना किंवा त्यानंतरच्या कोवळ्या काळात. ती इजा पुढं वाढत नाही, पण बुजतही नाही. पाय ताठ आहेत ते मेंदूकडून स्नायूंना जाणारे निरोप बिघडल्यामुळं. म्हणून दुसऱ्या कुणी पाय कितीही वाकवला, ताणला, चोळला तरी नुसत्या तेवढ्यानं हालचाल शिकली जात नाही. लेकरू स्वतः करू बघतं, चुकतं, पुन्हा करतं, तेव्हा मेंदू शिकतो. ऑस्ट्रेलियातल्या आयोना नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेरेब्रल पाल्सीवरच्या उपचारांचा जगभरातला पुरावा २०१३ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये तपासून मांडला आणि प्रत्येक उपचाराला सिग्नलचा रंग दिला. मुलाच्या गरजेचं एखादं काम ठरवून त्याच कामाचा सराव करण्याला हिरवा मिळाला. थेरपिस्टच्या देखरेखीखाली घरी करायच्या कार्यक्रमालाही हिरवाच. दुसऱ्यानं हातपाय हलवून देण्याला मात्र फारसा आधार सापडला नाही. तुमची वही वाचली तर तीन तासांपैकी बराचसा वेळ या शेवटच्या गोष्टीत जातो: पाय ताणणे ३०, मांड्या फाकवणे ३०, घोटा वर करणे ३०.

आता वेळेचं. नोव्हाक यांनीच २००९ मध्ये घरच्या कार्यक्रमाचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. मुलं शाळकरी वयाची होती आणि कामं प्रामुख्यानं हातांची, म्हणजे तुमच्या लेकीला तो जसाच्या तसा लागू होत नाही. तरी त्यातला एक आकडा तुम्ही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. आठ आठवड्यांत मुलांच्या रोजच्या कामांत फरक दिसला, आणि पालकांनी सराव घेतला होता सरासरी महिन्याला १७-१८ वेळा, एका वेळी साधारण १६-१७ मिनिटं. तीन तास नव्हे, आणि रोजही नव्हे. मुलांना आणि घरच्यांना काय जमायला हवंय ते आधी ठरवून घेतलेलं होतं, एवढंच.

तुमच्या घरी हे कसं दिसेल? थेरपिस्टशी बोलून पुढच्या दोन-तीन महिन्यांसाठी दोन किंवा तीनच गोष्टी ठरवा. "उभी राहणे" ही त्यातली नको, ती फार मोठी आणि मोघम आहे. "बाजेऐवजी ओट्याच्या कडेला धरून करडाला पाला देणे" चालेल. "चड्डी घालताना एक हात भिंतीला लावून कंबर उचलणे" चालेल. "उंबरा एकटीनं ओलांडून अंगणात जाणे" तर फारच छान. यातलं काय घ्यायचं ते तिला आणि तिच्या आईला आधी विचारा. तीन वर्षांचं लेकरू आपल्याला काय हवंय ते चांगलं सांगतं. मग करडू कुठं बांधायचं, पाला किती उंचावर ठेवायचा, आधार कधी काढून घ्यायचा, हे थेरपिस्ट सांगतील. रोजच्या पुराव्याच्या व्हिडिओऐवजी या पाल्याच्या कार्यक्रमाचा एकच व्हिडिओ काढून त्यांना दाखवा. दवाखान्यातल्या टेबलावर जे दिसत नाही ते त्यांना त्यात दिसेल.

बाकीचं दिवसभरात विरून जाऊ द्या. कडेवर घेताना तिचे पाय आईच्या कमरेच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यात मांड्यांचा आतला ताठरपणा आपोआप सैलावतो. दोन्ही पाय एका बाजूला घेऊन आडवं उचलू नका. गाणी म्हणताना लोडावर घोड्यासारखं बसवा. जेवताना तळपाय जमिनीला पुरे टेकतील अशा उंचीच्या छोट्या स्टुलावर बसवा. थेरपिस्टनी सांगितलेलं ताणणं असेल ते अंघोळीनंतर अंग ऊबदार असताना दहा मिनिटांत उरकावं, आणि रडायला लागली तर तिथंच थांबावं. भीतीनं आणि रडण्यानं हे स्नायू आणखी आवळतात, म्हणजे ज्यासाठी चाललंय त्याच्या उलट होतं. आजीला तेल लावायची हौस असेल तर लावू द्या. फक्त ओढाताण नको.

आता चालण्याकडं येते, कारण तुमच्या पत्रातल्या प्रत्येक प्रश्नाखाली तोच प्रश्न आहे.

या मुलांच्या बसण्या-चालण्याच्या क्षमतेच्या पाच पातळ्या मानल्या जातात. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९७ मध्ये ही पद्धत मांडली, जीएमएफसीएस म्हणतात तिला. पहिल्या पातळीची मुलं पळतातसुद्धा, पाचव्या पातळीच्या मुलांना मान सावरायलाही मदत लागते, तिसऱ्या पातळीची मुलं हातात वॉकर किंवा कुबड्या घेऊन चालतात. तुमच्या मुलीची पातळी मी पत्रावरून सांगणार नाही, ते थेरपिस्टचं काम आहे, पण त्यांना हा प्रश्न याच शब्दांत विचारा, "हिची जीएमएफसीएस पातळी कोणती?" वर्षभर व्यायाम करणाऱ्या आई-बापांना हा आकडा माहीत नसतो असं मी वारंवार बघते, आणि मला याचा राग येतो. पातळी कळली की शेजारच्या पोराशी तुलना करायची गरज उरत नाही.

२००२ मध्ये ओन्टारिओतल्या ६५७ मुलांच्या मोजमापावरून त्याच चमूनं प्रत्येक पातळीची वाढ कशी होते ते दाखवलं. मोठ्या हालचालींतली बहुतेक वाढ पाचव्या वर्षापर्यंत होऊन जाते, ज्यांचा त्रास जास्त त्यांची आणखी लवकर. हे वाचून तुम्ही उद्यापासून चार तास करायला लावाल अशी मला धास्ती आहे, म्हणून लगेच पुढचं सांगते. वाढीचा वेग मंदावणं हा या आजाराचाच भाग आहे. तो कुणाच्या आळसानं मंदावत नाही. हातांची कामं, बोलणं, शाळा, स्वतःचं स्वतः आवरणं, हे शिकणं त्यानंतरही चालूच राहतं. आणि तुमच्या बाजूनं एक चांगली खूण आहे: दोन वर्षांच्या आत आधाराशिवाय बसू लागलेल्या बहुतेक मुलांना पुढं काही ना काही प्रकारे चालता येतं. काही ना काही प्रकारे यात वॉकरही आला. लांबच्या पल्ल्याला चाकाची खुर्चीही आली. वॉकर घेऊन शाळेत गेलेली मुलगी तुमच्या हिशेबात चाललेली धरणार की नाही, हे तुम्ही आताच ठरवलेलं बरं. तिला ते तुमच्या चेहऱ्यावर वाचता येईल.

तुमच्या पत्नीबद्दल. त्यांना गांभीर्य नाही असं तुम्ही लिहिलंय. त्याच पत्रात असंही आहे की त्या पहाटे उठून सोयाबीनच्या कामाला जातात, परत येऊन सगळ्यांचा स्वयंपाक, शेळ्या, सासऱ्यांची औषधं, आणि दर महिन्याला लेकराला कडेवर घेऊन एसटीनं अंबाजोगाई. अंगाखाली घेऊन पाय ताणताना लेकरू "आई नको" म्हणत असेल तर ते ऐकायला तिथं त्याच असतात, तुम्ही नसता. चाकणहून बघणाऱ्याला व्हिडिओ न येणं दिसतं. मला वाटतं, ज्या दिवशी व्हिडिओ आला नाही त्या दिवशी त्यांनी मुलीला करडामागं सोडलं असणार, आणि ते बरोबरच केलं. वहीवर आता त्यांचा ताबा असू द्या. रकाने बदला: या पंधरवड्यात तिनं स्वतःहून नवीन काय केलं, किती आधार लागला, कशाला हसली. आणि तुम्ही गावी असता त्या दोन दिवसांत मुलीची अंघोळ, जेवण, बूट सगळं तुमच्याकडं घ्या. त्यांना झोपू द्या. बारा-तेरा किलोचं लेकरू दिवसभर उचलणाऱ्या बाईच्या कमरेचाही विचार कुणीतरी करायला हवा.

तुमच्या आईंना मी मुलगा-मुलगी समजावत बसणार नाही, पत्रानं ते होत नाही. करडाची दावण त्यांच्याकडं असते ना? रोज सकाळी ते बाजेजवळ बांधायचं काम त्यांना द्या. नात वर उठताना त्या स्वतः बघतील. पुढचं त्यांचं त्यांना ठरवू द्या.

पुण्याला न्यायचं का? नेऊ नका असं मी सरसकट म्हणणार नाही. घरी कुणीच नसलेल्या, गावापासून थेरपिस्ट फार लांब असलेल्या कुटुंबांना शहरानं फायदा झालेला आहे. पण तुमचा हिशेब मांडून बघा. चाकणला तुम्ही शिफ्टमध्ये, त्या दोघी भाड्याच्या एका खोलीत, जिना चढून. अंगण नाही, करडू नाही, आजी नाही, हाक मारली तर येणारं कुणी नाही. सेंटरवर रोज पाऊण तास मिळेल आणि उरलेले सगळे तास खोलीत. त्यापेक्षा अंबाजोगाईचा धागा पक्का करा. तिथलं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला जवळ आहे, हाडांचे आणि मुलांचे डॉक्टर एकाच आवारात भेटतात. वर्षातून एकदा-दोनदा चांगल्या केंद्रात सविस्तर तपासणी आणि शिकवणी करून आणता येईल. लातूरजवळ हरंगुळला संवेदना हे सेरेब्रल पाल्सीच्याच मुलांचं केंद्र आहे, तेही बघून या. जाताना पत्नीला प्रश्न विचारू द्या, तुम्ही गप्प बसा. हे थोडं लागेल, पण ऐका.

एक एकर विकू नका.

याला मी पर्याय देत नाही. सेरेब्रल पाल्सीवर स्टेम सेल हा आजच्या घडीला सिद्ध उपचार नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, मंजुरी असलेल्या संशोधन चाचणीबाहेर रुग्णाला असे स्टेम सेल देणं अनैतिक ठरतं. आणि खऱ्या चाचणीत भाग घेणाऱ्याकडून त्या उपचाराचे पैसे मागत नाहीत. म्हणजे तुमच्याकडं एका एकराची किंमत मागितली यातच उत्तर आलं. ऑक्सिजनच्या टाकीत बसवून उपचार करतो म्हणणारेही भेटतील. त्यालाही नोव्हाक यांच्या पाहणीत लाल रंग मिळालाय. बोटॉक्सचं इंजेक्शन ही वेगळी गोष्ट आहे, गल्लत करू नका. ठरावीक स्नायूचा ताठरपणा काही महिन्यांसाठी कमी करायला डॉक्टर ते देतात, आणि त्या काळात सराव केला तरच त्याचा लाभ. तुमच्या डॉक्टरांनी ते सुचवलं तर जरूर ऐकून घ्या.

पैसा आणि वेळ खर्च करायला यापेक्षा निकडीची जागा आहे. तुमच्या पत्रात खुब्याच्या एक्स-रेचा उल्लेखच नाही. या मुलांमध्ये मांडीचं हाड खुब्याच्या वाटीतून हळूहळू बाहेर सरकू शकतं. सुरुवातीला दुखत नाही, म्हणून कळत नाही. कळतं तेव्हा ऑपरेशनची वेळ आलेली असते. जितकं चालणं कमी, तितका हा धोका जास्त. एक्स-रे झाला नसेल तर याच महिन्यात काढा, आणि पुढचा किती महिन्यांनी ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. मुदतीआधी जन्मलेलं लेकरू आहे, डोळे आणि कान एकदा तपासून घ्या. तिचे स्प्लिंट, म्हणजे पायांना आधार देणारे साचे, लहान झालेत असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. तसे घालण्यापेक्षा न घातलेले बरे. नवे करून घ्या, आत सुती मोजा घाला, काढल्यावर त्वचेवरचा लाल वण अर्ध्या तासात गेला नाही तर घासून नीट करून आणा. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात दुपारी घालायचा हट्ट नको, सकाळ-संध्याकाळ घालावेत.

कागदपत्रं तुम्ही चाकणहून फोनवरून करू शकता, ती बायकोवर टाकू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सेरेब्रल पाल्सी २१ प्रकारांमध्ये आहे. युडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, ऑनलाइन अर्ज होतो, तपासणीला मात्र रुग्णालयात जावं लागतं. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व नोंदलं गेलं की बऱ्याच योजना उघडतात, एसटीच्या भाड्यात सवलतही त्यातच. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय आरोग्य विम्यात वर्षाला १ लाखापर्यंतचं संरक्षण आहे आणि त्यात थेरपीचा खर्चही बसतो, हे फार थोड्या पालकांना ठाऊक असतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं, त्यांच्याकडून जिल्ह्याच्या तपासणी केंद्राची चिठ्ठी मिळते. आणि अंगणवाडी! मुलगी तीन वर्षांची झाली, बोलते, गाणी म्हणते, मग ती घरी का? दिव्यांग मुलांना अंगणवाडीत सामावून घ्यायची केंद्र सरकारची कार्यपद्धती २०२३ मध्येच आली आहे. सेविका "पडली तर जबाबदारी कुणाची" म्हणेल. तिला भिंतीच्या कोपऱ्यात पाठ टेकेल अशी बसायची जागा करून द्या, पहिले आठ दिवस आजीला सोबत पाठवा. चार पोरं आजूबाजूला उभी असली की उभं राहावंसं वाटतं, ते तुमच्या सतरंजीवर वाटायचं नाही.

दुसऱ्या मुलाचं शेवटी. सेरेब्रल पाल्सी सहसा आनुवंशिक नसतं, त्यामुळं या एका कारणासाठी घाबरून थांबू नका. मात्र एकदा मुदतीआधी बाळंत झालेल्या बाईला पुन्हा तसं होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. दिवस राहण्याआधीच स्त्रीरोगतज्ज्ञांना बत्तिसाव्या आठवड्याचा इतिहास सांगा, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन बघून घ्या, नाव नोंदणी पहिल्या तीन महिन्यांत करा, आणि बाळंतपण नवजात अतिदक्षता कक्ष असलेल्या रुग्णालयातच ठरवा. मूल हवं की नको, आणि कधी, हे पत्नीला विचारलंत का, ते पत्रात कुठं दिसलं नाही.